एकट्यानं पलटी सोडताना

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळच्या आसपास, मोठे ट्रेलर थांबलेले दिसतात. एखादा चालक पुढचा घोडा, म्हणजे इंजिनाची गाडी, ट्रेलरपासून सोडवत असेल तर दोन मिनिटं थांबून नीट बघा. मागं वीस-पंचवीस टनांचा डोलारा असतो आणि माणूस एकटा. तो आधी ट्रेलरच्या चाकांना गुटके लावतो. मग हँडल फिरवून ट्रेलरचे पुढचे दोन लोखंडी पाय जमिनीला टेकवतो, हवेच्या नळ्या आणि दिव्यांची वायर काढतो. घोड्याच्या पाठीवर ग्रीस माखलेली एक जाड थाळी असते, तिला पाचवं चाक म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालची पिन या थाळीच्या जबड्यात अडकलेली असते. चालक बाजूचा दांडा ओढून तो जबडा उघडतो आणि घोडा हळूच पुढं घेतो. ट्रेलर आपल्या पायांवर उभा राहतो. एवढ्या सगळ्यात त्या माणसानं एक किलोसुद्धा उचललेलं नसतं.

आता आपल्या वस्तीवर या. दोन फाळांची हायड्रोलिक पलटी, म्हणजे पलटी नांगर, साडेतीनशे-चारशे किलोच्या पुढं भरते, पाच-सहा फुटी रोटरही त्याच घरातला. ट्रेलरच्या मानानं हे वजन काहीच नाही, तरी बोटं चेमटतात ती इथंच. कारण एवढ्या वजनाला माणूस खांदा लावायला जातो. वीस टनांना कोणी हात लावत नाही. चारशे किलोंच्या बाबतीत मात्र ‘जरा रेटून बघू’ असं वाटतं. हा लेख त्या ‘जरा रेटून बघू’च्या विरोधात आहे.

सोलापूर हा राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा. गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लागतात आणि पलटी, रोटर, फणपाळी सुटून पडतात ती पार मार्चपर्यंत. उन्हाळी नांगरटीला परत जोडायची. म्हणजे वर्षातून निदान दोनदा, आणि मधूनअधून दहा वेळा, हे जोडणं-सोडणं आहेच. पूर्वी वस्तीवर चार हात असायचे. आता पोरं पुण्याला, गडी मिळाला तर तोडीला गेलेला, आणि घरात म्हातारी माणसं. तेव्हा तुम्ही एकटे आहात असं धरूनच पुढचं सगळं लिहितोय.

यातलं मुख्य सूत्र त्या ट्रेलरवाल्याचंच आहे. वजन उचलायचं नाही. ते त्याच्या पायांवर उभं करायचं आणि त्याच्यातून ट्रॅक्टर काढून घ्यायचा. पुन्हा जोडताना ते जागचं हलवायचं नाही, ट्रॅक्टर त्याच्यापर्यंत न्यायचा. हे जमलं तर ताकदीचा प्रश्नच येत नाही. साठीच्या माणसालाही जमतं आणि घरच्या बाईलाही जमतं.

सगळी मदार जागेवर असते, म्हणून जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. ऑक्टोबरात ओल्या रानाच्या कडेला पलटी सोडली तर तिचं स्टँड दिवसागणिक आत जातं. एका बाजूचं जास्त गेलं की अवजार कलतं. उन्हाळ्यात त्याच जागी हातभर खोल भेग पडते आणि ठोकळा तिच्यात उतरतो. आमची पलटी अशीच एका पावसाळ्यानंतर बांधावर कुशीवर पडलेली सापडली होती. त्या वेळी जवळ कोणी नव्हतं हे नशीब. ती सरळ करायला अख्खी सकाळ गेली.

म्हणून अवजाराची जागा मुरमाची हवी. जमलं तर दहा-बारा फूट लांब-रुंद कोबा करून घ्या, तो पुढं ढकलगाडीलाही कामाला येतो. तेवढं जमत नसेल तर वीतभर मुरूम टाकून, पाणी मारून, ट्रॅक्टरनंच दाबून घ्या. त्यावर जाड फळ्या किंवा बाभळीचे ओंडके आडवे टाका. ओंडक्याच्या दोन बाजू करवतीनं सपाट करून घ्या. गोल ओंडक्यावर ठेवलेलं वजन ओंडक्यासकट फिरतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर त्यांच्यासारखं काही नाही. वीट आणि सिमेंटचा ब्लॉक मात्र वजनाखाली कधीच घेऊ नका. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, तडकतं, माणसाला मागं सरायला वेळ देतं. वीट काही न सांगता भुगा होते. जागा सपाट असावी, आणि ट्रॅक्टरला मागं सरळ दहा-पंधरा पावलं घेता येतील एवढी पुढं मोकळी असावी. जोडताना होणारा निम्मा त्रास ट्रॅक्टर तिरका लावावा लागल्यामुळं होतो.

आता सोडण्याचा क्रम. आपल्या ट्रॅक्टरच्या मागं दोन खालचे हात आणि वर एक टॉप लिंक अशी जी तीन टोकांची जोडणी असते, ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं बसवली. त्याचं पेटंट १९२६ सालचं आहे. जगभरचे ट्रॅक्टर आज तीच जोडणी वापरतात. तिच्यात एका माणसाची सोय मुळातच करून ठेवलेली आहे, फक्त ती ओळखावी लागते. डावा हात सहसा ठरावीक लांबीच्या दांड्यावर लटकलेला असतो. उजव्या हाताला मात्र वर फिरवायचं हँडल असतं, ते फिरवलं की हात खाली-वर होतो. टॉप लिंक दोन्हीकडून आट्यांची असते, फिरवली की लांब किंवा आखूड होते. या दोन गोष्टी तुमचे दोन मदतनीस आहेत. जोडताना आधी डावा हात, मग उजवा, शेवटी टॉप लिंक. सोडताना बरोबर उलटं: टॉप लिंक, उजवा, डावा. डावा हात हलवता येत नाही म्हणून त्याच्यासाठी ट्रॅक्टर हलवायचा, आणि उजव्यासाठी हँडल फिरवायचं. हा क्रम ज्यानं उलटा केला त्याला शेवटी पहार घ्यावी लागते.

पलटी सोडताना ती आधी सरळ स्थितीत आणा आणि फिरण्याची लॉक पिन घाला. हे विसरलं तर सुटी पलटी स्वतःभोवती गरकन फिरू शकते. मग हायड्रोलिकनं हळूहळू खाली घ्या, फाळ फळीवर टेकेपर्यंत. स्टँड खाली सोडून त्याची पिन लावा. स्टँडखालीही फळी हवी. आता इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका आणि किल्ली खिशात घाला. किल्ली खिशात ही गोष्ट लहान वाटते, पण वस्तीवर पोरं असतात आणि ट्रॅक्टरवर चढायला त्यांना निमित्त लागत नाही. इंजिन बंद झाल्यावर हायड्रोलिकचे दांडे दोन्हीकडं एकेकदा हलवा, म्हणजे नळ्यांत कोंडलेला दाब निघून जातो. मगच पलटीच्या नळ्या कपलरमधून काढा. दाब न काढता नळ्या सोडल्या आणि पलटी उन्हात पडून राहिली तर आतलं तेल तापून आणखी फुगतं, आणि एप्रिलमध्ये तो कपलर काही केल्या बसत नाही. लोक मग हातोड्यानं ठोकतात आणि कपलर खराब करून घेतात. नळीतून तेल झिरपतंय का हे हात फिरवून कधीही बघू नका. सुईएवढ्या भोकातून दाबानं येणारं तेल कातडीच्या आत घुसतं. ती जखम वरून ठिपक्याएवढी दिसते, पण त्यात हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा.

रोटर असेल तर यात पीटीओ शाफ्टची भर पडते. इंजिन बंद असतानाच तो काढा, पुसा, आणि शेडमध्ये खुंटीला टांगा. रोटरला ज्या बाजूला गिअर किंवा चेनची पेटी असते तिकडं वजन जास्त असतं. टॉप लिंक निघाली की तो थोडा त्या बाजूला बसतो. त्या बाजूखाली आधीच ठोकळा दिलेला असेल तर काहीच होत नाही.

टॉप लिंकची पिन सहजी निघत नसेल तर ठोकू नका. याचा अर्थ तिच्यावर ताण आहे. लिंक अर्धा-एक फेरा फिरवा, ताण सुटेल, पिन बोटानं निघेल. उजव्या हाताचं तसंच, हँडल जरासं खाली-वर करा. माझा अनुभव असा की पिन हातोड्यानं काढावी लागली म्हणजे आधीचं काहीतरी चुकलेलं असतं. बहुतेक वेळा स्टँडनं वजन घेतलेलंच नसतं. अशी पिन जबरदस्तीनं काढली की अवजार त्याच क्षणी कुठंतरी कोसळतं आणि नेमके आपण तिथं वाकलेलो असतो.

आता बोटाची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जोडताना ट्रॅक्टरच्या हाताच्या टोकाला जो फिरता गोळा असतो, त्याचं भोक अवजाराच्या पिनसमोर यावं लागतं. संध्याकाळची वेळ होती, उजेड कमी होता. भोक समोर आलंय का हे मी डाव्या हाताचं मधलं बोट घालून चाचपून पाहिलं. ट्रॅक्टर सुरूच होता, उतारावर होता, आणि ब्रेक पुरता ओढलेला नव्हता. तो दोन बोटं मागं सरकला, जास्त नाही. नख गेलं, पेराचं हाड चिरलं. बोट निघालं ते केवळ ट्रॅक्टर पुन्हा दगडाला टेकून जरासा पुढं आला म्हणून. हाक ऐकायला जवळपास कोणी नव्हतं. आज बारा वर्षांनंतरही थंडीत ते बोट दुखतं. भोक बघायला बॅटरी घ्या, तारेचा तुकडा घ्या, स्क्रू-ड्रायव्हर घाला. बोट घालू नका. आणि ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये उतरायचं असेल तर इंजिन बंद, गिअरमध्ये, चाकाला पुढून-मागून गुटके. दहा वेळा चढ-उतार करावी लागली तरी चालेल.

ही चढ-उतार कमी करायचा एक फार सोपा उपाय आहे. सोडताना ट्रॅक्टर पुढं घेण्याआधी मागच्या दोन्ही चाकांच्या बाहेरच्या बाजूनं जमिनीवर चुन्याची रेघ मारा. कोब्यावर असेल तर ऑईलपेंटनं मारा. चाक जिथं थांबलं होतं तिथं आडवी खूण करा. चार महिन्यांनी याच दोन रेघांमध्ये मागं आलात आणि आडव्या खुणेवर थांबलात की हात जवळजवळ पिनेसमोरच असतात. मग एखादं बोटभर अंतर उरतं, ते हँडल आणि टॉप लिंक भरून काढतात. मागं कोणी ‘या या, बास’ म्हणणारं नसताना या रेघा ते काम करतात. टॉप लिंकच्या जागी अवजारावर एक रंगवलेली काठी उभी बांधली तर सीटवरून मान वळवूनही मधला अंदाज येतो.

पिनांच्या मापाचं एक. अवजारांच्या पिनांचे आपल्याकडं मुख्यतः दोन वर्ग चालतात. पहिल्या वर्गात खालची पिन २२ मिलिमीटरची आणि वरची १९ ची, दुसऱ्यात खालची २८ ची आणि वरची २५ ची. लहान पिन मोठ्या भोकात घालून तसंच काम काढणारे खूप जण आहेत. ते खडखडतं, भोक अंडाकृती होतं, आणि पुढं सोडताना पिन तिरकी अडकते. बुश मिळतं, ते घाला. आणि पिनेला क्लिपच लावा, खिळा किंवा तार नको.

आतापर्यंतचं सगळं ट्रॅक्टर जवळ असताना. पण कधी ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत असतो आणि पलटी दोन हात सरकवायची असते, किंवा ती मातीत रुतलेली असते. तेव्हा पहार.

पाच फुटी पहार घ्या. तिच्या टोकापासून चार बोटांवर, म्हणजे साधारण तीन-चार इंचांवर, सपाट लाकडी टेकू ठेवा. टेकूच्या पलीकडं चार इंच आणि अलीकडं छप्पन्न, म्हणजे चौदा पट. तुम्ही वीस किलोचा दाब दिला तर पलीकडं दोनशे ऐंशी किलो उचलले जातात. चारशे किलोच्या अवजाराची एक बाजू उचलायला दोनशेच लागतात, म्हणजे अंगातला जोर राखूनही पुरतं. मात्र हात चौदा इंच खाली गेला तरी अवजार एकच इंच वर येतं. या एका इंचावर समाधान मानायचं. इंचभर उचललं की पायानं किंवा काठीनं लाकडी पट्टी आत सरकवायची, दाब सोडायचा. मग दुसरी बाजू, तिथंही एक इंच, तिथंही पट्टी. परत पहिली. असं फळीवर फळी चढवत वीतभर उंची गाठता येते. फळ्या एकावर एक त्याच दिशेनं रचू नका. दोन उभ्या, त्यावर दोन आडव्या, परत दोन उभ्या, अशी चौकडी करा. ती हलत नाही. पहारेवर बसू नका, तिच्या सरळ रेषेत हनुवटी आणू नका. निसटलेली पहार तोंडावर येते. आणि हात आत घालून पट्टी सरकवू नका, हे तिसऱ्यांदा सांगायला लागलं तरी सांगेन.

वर आलेलं अवजार सरकवायचं तर खाली दोन लांब फळ्या आणि त्यावर लोखंडी पाइपचे तुकडे. चार तुकडे पुरतात. तीनांवर वजन, चौथा पुढं. मागून सुटलेला उचलायचा आणि पुढं टाकायचा. पाइप पोकळ असतो, त्याच्या तोंडात बोट घालून तो उचलायची सवय असेल तर ती मोडा, कडेनं वरून धरा. उतार असेल तर रोलरवर वजन स्वतःहून पळतं. उतारावर एकट्यानं रोलर घालू नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. घालावेच लागले तर वरच्या बाजूच्या झाडाच्या बुंध्याला नाड्याचे दोन-तीन वेढे देऊन त्याचं मोकळं टोक हातात ठेवा. वेढ्यांचं घर्षणच वजन तोलतं, तुम्ही फक्त सैल सोडत राहता.

साखळी बांधून ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आली तर ती खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून जड वस्तू ओढली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकावर उलटतो. असं उलटणं फार झटकन होतं, क्लच दाबेपर्यंतसुद्धा वेळ मिळत नाही.

चेन पुलीबद्दल सगळेच विचारतात. एक टनाची चेन पुली घरात असावी, यात शंका नाही. पूर्ण टनाचं वजन असतानाही साखळीला तीसएक किलोचीच ओढ लागते, आणि हात सोडला तरी वजन जागच्या जागी थांबतं. प्रश्न ती कशाला टांगायची हा असतो. पत्र्याच्या शेडचा आडवा पाइप पत्रे आणि वारा धरण्यासाठी असतो, चारशे किलोसाठी नाही. जुन्या माळवदाची तुळई मजबूत वाटते, पण तिच्यावर आधीच मातीचा थर आहे आणि आतून वाळवीनं काय केलंय ते वरून कळत नाही. लिंबाच्या फांदीला टांगणाऱ्यांना माझी विनंती आहे की टांगू नका. विहिरीवरची यारी तुम्ही पाहिली असेलच. तिचे पाय रुंद असतात आणि ती दगड-गाळानं भरलेली बादली वर काढते. तशाच विचारानं फॅब्रिकेटरकडून रुंद पायांची लोखंडी घोडी करून घ्या, वर गर्डर, खाली चार पाय. त्याला अवजाराचं नेमकं वजन सांगा आणि त्याच्या दुप्पट पेलेल असं करायला लावा. पाय एकमेकांना खालून साखळीनं बांधा, म्हणजे ते फाकणार नाहीत.

अमेरिकेत लोक पिकअप गाडीच्या हौद्यात सुरुवातीच्या त्या घोड्यासारखंच, पण छोटं पाचवं चाक बसवून मागं मुक्कामाची मोठी गाडी ओढतात. सहल संपली की ते जड लोखंडी धूड हौद्यातून काढून गॅरेजात ठेवावं लागतं. तिथं एकटा माणूस वरच्या कप्पीला ते टांगतो, गाडी पुढं घेतो आणि खाली चाकांची पाटी सरकवतो. पुन्हा तेच, वजन जागेवर आणि गाडी चालती.

ती चाकांची पाटी मात्र आपल्याकडं उचलण्यासारखी आहे. कोबा असेल तर अँगलची एक चौकट करून तिला चार फिरती चाकं लावा. ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकनंच अवजार तिच्यावर उतरवा आणि पाटी हातानं ढकलत भिंतीकडं न्या. चाकं निवडताना वजनाला चारानं नाही, तीनानं भागा. जमीन कुठंही एकसारखी नसते, त्यामुळं एखादं चाक अधांतरी असतंच आणि भार तिघांवर येतो. चारशे किलोला प्रत्येकी दीडशे किलोचं चाक घ्या. दोन चाकं ब्रेकची असू द्या. पाटी ओढायची नाही, ढकलायची. ओढताना पाय घसरला तर पाटी अंगावर येते. आणि ही पाटी मातीत नेऊ नका, पहिल्याच फुटाला रुतेल.

ट्रॉलीच्या हुकाबद्दल थोडक्यात. दोन चाकी ट्रॉली भरलेली असताना तिचं बरंच वजन हुकावर येतं, आणि माल मागं जास्त भरला असेल तर उलट हूक वर उठायला बघतो. म्हणून भरलेली दोन चाकी ट्रॉली एकट्यानं सोडूच नये. रिकामीसुद्धा स्टँड किंवा जॅक लावून, चाकांना गुटके देऊनच सोडा. दगडावर टेकवून सोडलेली ट्रॉली पायावर येते.

अवजार जागेवर पोचलं की मग साठवणूक. माती ओली असेपर्यंतच ती खरवडून धुवा. फाळ आणि माती पलटणारा वाकडा पत्रा कोरडा झाला की त्याला ग्रीसचा पातळ हात द्या. बरेच जण जळकं ऑईल ओततात. ते टिकत नाही आणि खाली रानात झिरपतं, ते मला पटत नाही. पलटीच्या सिलिंडरचा चकचकीत दांडा आत घेऊन ठेवा. बाहेर राहिला तर त्याला गंज चढतो आणि मग तोच गंज सील फाडतो. नळ्यांच्या टोकांना टोपणं हवीत, नसतील तर निदान प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. रोटरची पाती मातीत रुतवून ठेवू नका, ती फळीवर अधांतरी असावीत. वर ताडपत्री टाकाल तर खालून वारा खेळता ठेवा. जमिनीपर्यंत गुंडाळलेल्या ताडपत्रीत ओल कोंडते आणि अवजार उघड्यावर जेवढं गंजलं नसतं तेवढं आत गंजतं. पलटीचे वरचे फाळ माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येतात. त्यांच्यावर जुन्या टायरचे तुकडे किंवा जाड पोतं बांधा. संध्याकाळी शेडमधून पळणारं पोर तिकडं बघत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याखाली हात घालण्याआधी काठीनं ठोका, बॅटरी मारा. फळ्यांच्या सावलीत घोणस येऊन बसते, आणि पलटीच्या चौकोनी पाइपात गांधीलमाश्या पोळं करतात. अंधारात चाचपडण्याची कामं इथंही नकोत.

वेळ सकाळचीच निवडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. दुपारी लोखंडाला हात लावला तर फोड येतो. म्हणून माणूस पकड सोडतो, आणि नेमकी तीच वेळ पकड सोडायची नसते. घाम आलेल्या हातानं पहार निसटते. सकाळी सातला अर्ध्या तासात होणारं काम दुपारी दोनला दोन तास घेतं.

एकट्यानं काम करणं आणि कोणाला न सांगता काम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. नंदीध्वजाची उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर पेलून एकच जण चालताना दिसतो. पण त्यामागं कित्येक दिवसांचा सराव असतो आणि भोवती तोल सांभाळणारे हात असतात. आपल्या वस्तीवर भोवतीचे हात नसतील तर निदान कोणाला तरी माहीत असू द्या. घरी किंवा शेजारच्या वस्तीवर सांगा: ‘मी रोटर सोडायला चाललोय, आठपर्यंत फोन आला नाही तर ये.’ फोन वरच्या खिशात ठेवा, ट्रॅक्टरच्या सीटवर नको. माझं बोट अडकलं तेव्हा फोन सीटवर वाजत होता आणि तो तीन हात लांब होता.

सोडलेल्या सगळ्या पिना, क्लिपा, बुश एका झाकणाच्या डब्यात घाला आणि तो डबा तारेनं त्याच अवजाराला बांधा. शेडच्या कोनाड्यात ठेवलेल्या पिना मार्चपर्यंत ट्रॉलीला, बैलगाडीला, फाटकाला गेलेल्या असतात. डब्यात एक कागदही टाका. टॉप लिंकचे किती आटे दिसत होते, उजवं हँडल कुठल्या खुणेवर होतं, फिरण्याची लॉक पिन घातली का, एवढं त्यावर लिहून ठेवा. मार्चअखेर सकाळी चुन्याच्या रेघांमधून मागं याल, आडव्या खुणेवर थांबाल, इंजिन बंद करून उतराल, तेव्हा पहिल्यांदा तो डबा उघडा.